ॲव्हरेज पडलं म्हणून लगेच इंजिनाला हात लावू नका: या चुका टाळा

पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज लिटरमागे 16 किलोमीटरवरून 13 वर आलं की बहुतेक मालक गॅरेज गाठतात. इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, नवे प्लग, एअर फिल्टर असं बिल होतं आणि महिन्याभराने आकडा तिथेच असतो. पार्ट बदलले, बिघाड कुणी शोधलाच नाही.

पहिली चूक हिशेबात होते. डॅशबोर्डवरचा आकडा ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) बांधलेला अंदाज असतो आणि तो बहुधा खऱ्यापेक्षा गोडच असतो. ‘हजाराचं टाकलं, इतके किलोमीटर पळाली’ याला तर हिशेब म्हणताच येत नाही. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. किमान 25-30 लिटर जळल्यावर त्याच पंपावर तसंच पुन्हा भरा. 432 किलोमीटरला 28.8 लिटर लागले तर ॲव्हरेज 15. नोझल आपोआप बंद होण्यात एखाद्या लिटरचा फरक सहज पडतो. 10 लिटरवर मोजलं तर तीच चूक 10 टक्क्यांची होते, 30 लिटरवर जेमतेम 3 टक्क्यांची. तुलना मात्र आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी करायची. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून, ताशी 90 च्या वर न जाता काढलेला असतो. त्याच्याशी भांडून उपयोग नाही.

मधल्या काळात टायरचा साइज वाढवलाय का तेही आठवा. 185/65 आर15 च्या जागी 195/65 आर15 टाकले तर चाकाचा व्यास साधारण 2 टक्क्यांनी वाढतो. मीटर तेवढे किलोमीटर कमी मोजतं आणि ॲव्हरेज कागदावरच पडतं. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला आकडाच खरा. हायवेवरून आल्या आल्या तपासली तर प्रेशर 3-4 पीएसआय जास्त दिसतं आणि पंपावरचा पोऱ्या तेवढी हवा काढून टाकतो.

हल्ली सगळं खापर ई20 वर, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर फुटतं. एप्रिल 2023 च्या आधी बनलेल्या बहुतेक गाड्या ई10 (10 टक्के इथेनॉल) धरून ट्यून केलेल्या आहेत. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ई10 वरून ई20 वर आल्यावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास घट होणारच. म्हणजे 16 चे 15.4. तुमचे 13 झाले असतील तर बाकीची गळती दुसरीकडे आहे.

ती बऱ्याचदा थर्मोस्टॅटमध्ये, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेत सापडते, आणि इथे चूक मालकापेक्षा गॅरेजची जास्त असते. गाडी एकदा गरम झाली की ‘आपल्या हवेत याची गरज नाही’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जुनी खोड अजून गेलेली नाही. इंजिन 85 ते 95 अंशांवर चालावं असं धरून ईसीयू पेट्रोल मोजतं. कूलंट 65-70 वरच रेंगाळलं तर त्याला वाटतं इंजिन अजून तापतंय, आणि ते जादा पेट्रोल सोडत राहतं. खूण सोपी आहे: शहरातल्या ट्रॅफिकमध्ये तापमान ठीक, पण हायवेवर वारा लागला की खाली येतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत काटाच नसतो, नुसता निळा दिवा असतो. तो विझला म्हणजे इंजिन पूर्ण तापलं असं नव्हे. ओबीडी स्कॅनर (ईसीयूकडचे आकडे दाखवणारं यंत्र) लावून कूलंटचं तापमान बघा. स्कॅनर नसेल तर थंड इंजिन सुरू करून रेडिएटरचा खालचा होज हाताने चाचपा, फॅनपासून हात लांब ठेवून. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत हा होज थंड राहिला पाहिजे. पहिल्या काही मिनिटांपासूनच वरच्याबरोबर तोही कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवर नाहीच. नवा टाकताना ओ-रिंगही नवी घ्या आणि कूलंट भरल्यावर सिस्टीममधली हवा नीट काढा.

गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यावर पूर्वीसारखी पळत नसेल तर ब्रेक धरतोय. ब्रेक फारसा न वापरता 10-12 किलोमीटर चालवा आणि चारही रिमजवळ हात न्या. एक रिम बाकीच्यांपेक्षा स्पष्ट तापली असेल तर जॅक लावून ते चाक फिरवून बघा. पुढच्या कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिन पावसाळ्यानंतर हमखास जाम होतात. त्या साफ करून सिलिकॉन ग्रीस लावावं. साध्या ग्रीसने रबरी बूट फुगतो आणि पिन पुन्हा अडकते. मागे ड्रम असतील तर हँडब्रेकची केबल कुणी वाजवीपेक्षा जास्त ताणलीय का, हे बघा.

इतकं झाल्यावरच इंजिनाकडे वळायचं, तेही स्कॅनरवर फ्युएल ट्रिम वाचून, म्हणजे ईसीयू ठरल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त सोडतंय ते बघून. शॉर्ट टर्म (तात्पुरत्या) आणि लाँग टर्म (कायम लागू झालेल्या) ट्रिमची बेरीज उणे 5 ते अधिक 5 मध्ये असेल तर इंजेक्टर क्लीनिंगचे पैसे वाचवा. ई10 च्या गाडीत ई20 मुळे आणखी 4-5 टक्के अधिक दिसतील. तो दोष नाही. आयडलला अधिक 12-15 आणि 2500 आरपीएमला जवळपास शून्य असेल तर कुठेतरी होज किंवा गॅस्केटमधून हवा शिरतेय. उलट, लोड वाढेल तसा आकडा वाढत असेल तर पेट्रोल पंप, त्याचा फिल्टर किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) बघा. आकडा उण्यात घसरला तर गळका इंजेक्टर किंवा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप). मळका एअर फिल्टर इंजेक्शनच्या गाडीत पिकअप मारतो, ॲव्हरेजवर त्याचा परिणाम फारच थोडा. कार्ब्युरेटरच्या काळातला तो सल्ला अजून फिरतोय, एवढंच.

ऑइल ‘जाड म्हणजे भारी’ या समजुतीने 20डब्ल्यू-50 भरू नका. मॅन्युअलमध्ये 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30 लिहिलं असेल तर बेअरिंगमधल्या फटी त्याच मापाच्या आहेत. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोलही, मॅन्युअल मागत नसेल किंवा इंजिन खडखडत नसेल तर, वायाच.

घाट उतरताना न्यूट्रल टाकणं ही तर दुहेरी चूक. गियरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की ईसीयू पेट्रोल पूर्ण बंद करतं आणि चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगसाठी पेट्रोल लागतंच. शिवाय इंजिन ब्रेकिंग गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. बोरघाटातल्या कित्येक ट्रकचे अपघात असेच झाले आहेत.

एक लिटरच्या आसपासच्या टर्बो पेट्रोलवाल्यांची चूक वेगळी. ॲव्हरेजसाठी 40 च्या स्पीडला पाचवा गियर, आरपीएम 1200, आणि समोर चढ आला की त्याच गियरमध्ये ॲक्सिलरेटर तळाला. कमी आरपीएमवर टर्बोचा पूर्ण दाब आला की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू शकतं. असा एखादा जोरदार झटकाही पिस्टनच्या रिंगजवळची कड तोडायला पुरतो. वाचलेलं पेट्रोल एका इंजिन कामात गेलं समजा. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) एसपी दर्जाचं ऑइल हा धोका कमी करतं, पण चढावर आधी तिसऱ्यात या, आरपीएम 2000 च्या वर जाऊ द्या, मग दाबा.