कॉम टू, कॉम फोर आणि एक जंपर

दूध संकलन केंद्रांवरचे जुने संगणक सांभाळण्याच्या कामात जे नव्याने उतरले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) आणि जंपर (कार्डाची सेटिंग बदलणारी पिनांवरची छोटी टोपी) तुम्हाला ठाऊक आहेत, असे मी धरून चालतो.

मी पहिल्यांदा जेथे अडकलो, तेथे विंडोज ९८ असलेला पेंटियम होता. कॉम म्हणजे यंत्रे जोडायचे सिरियल पोर्ट; माउस कॉम वनवर, वजनकाटा कॉम टूवर आणि फॅट मशीन नंतर बसवलेल्या आयएसए (जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या) कार्डाच्या कॉम फोरवर होते. सकाळी लोक कॅन घेऊन रांगेत उभे असत, वजन पडद्यावर नीट उमटे आणि फॅट मोजायला घेतली की वजनाचा आकडा जागीच थिजे. मी केबल बदलली, काट्याची सेटिंग तपासली, शेवटी विंडोज पुन्हा टाकले. त्यात तीन दिवस गेले, आणि त्या तीन दिवसांची सगळी वजने सचिवांना हाताने वहीत लिहावी लागली, हे मला आजही सलते.

चारही पोर्टांचे पत्ते, म्हणजे संगणक ज्यांवरून त्यांना ओळखतो ते क्रमांक, वेगळे असतात: ३एफ८, २एफ८, ३ई८ आणि २ई८. मात्र रूढ मांडणीत कॉम वन व कॉम थ्री हे दोघे आयआरक्यू (प्रोसेसरचे लक्ष वेधणारी हाक ज्या तारेवरून जाते ती) ४ वापरतात, तर कॉम टू व कॉम फोर आयआरक्यू ३. आयएसए बसवर दोन साध्या कार्डांना एकच आयआरक्यू एका वेळी वापरता येत नाही, कारण एकाने दिलेली हाक दुसऱ्यामुळे दबून जाते.

मी फसलो ते तपासण्याच्या पद्धतीत. पोर्टच्या चिपला आउट टू नावाची एक पिन असते. प्रोग्रामने पोर्ट उघडला की बहुधा याच पिनेमार्फत तो आयआरक्यूच्या तारेला जोडला जातो आणि बंद केला की सुटतो. त्यामुळे काटा एकटा तपासला तर उत्तम चालतो, फॅट मशीन एकटे तपासले तर तेही उत्तम चालते, आणि दोन्ही निर्दोष आहेत असा दाखला आपणच आपल्याला देऊन मोकळे होतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधल्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीत) मला दोष दाखवणारे पिवळे चिन्हही दिसले नव्हते. म्हणून पुन्हा सांगतो: एकेक यंत्र तपासून हा दोष कधीही सापडणार नाही; दोन्ही पोर्ट एकाच वेळी उघडे ठेवूनच तपासा.

‘फॉरमॅट मार, सगळे सुटते’ असे सांगणारे वरिष्ठ तुम्हाला भेटतीलच. त्यांचा अनुभव मोठा असेल, पण जंपर चुकीच्या जागी असेल तर फॉरमॅटने तो हलत नाही. मला ज्यांनी शिकवले, त्यांनी आधी कॅबिनेट उघडून कागदावर प्रत्येक कार्डाचा पत्ता व आयआरक्यू लिहायला लावला. दहा मिनिटांच्या त्या कागदावर दोन ठिकाणी ३ हा आकडा दिसला.

उपाय अवघड नाही, घाबरू नका. त्या संगणकात साउंड कार्ड नसल्यामुळे आयआरक्यू ५ मोकळा होता. कार्डाचा जंपर ५ वर नेला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टची स्वयंचलित सेटिंग काढून तेथेही ५ भरला. या दोन्ही जागा जुळल्याच पाहिजेत. नुसता जंपर हलवला तर विंडोज ३ वरच वाट पाहत राहते. डॉसचा प्रोग्राम असेल तर त्यालाही नवा आयआरक्यू सांगावा लागतो. कार्डावर ३ आणि ४ एवढेच पर्याय असतील आणि मदरबोर्डला पीएस टू (माउसच्या वेगळ्या गोल जोडणीची) सोय असेल, तर माउस तिकडे हलवा आणि फॅट मशीन कॉम वनला जोडा. एस ३ चिपची काही डिस्प्ले कार्डे २ई८ या पत्त्याशी भिडतात. तसे असेल तर कॉम फोरचा नाद सोडून कॉम थ्रीचा पत्ता घ्या, आयआरक्यू मात्र ५ ठेवा.

काम झाल्यावर फॅटचा नमुना चालू असतानाच काट्यावर भरलेला कॅन ठेवून पाहा, आणि नवी मांडणी लिहिलेली चिठ्ठी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा.