चिनी स्व-मर्दन: बिंदू शोधावा कसा आणि दाबावा किती

चिनी भाषेत मर्दनाला ‘आन-मो’ म्हणतात. ‘आन’ म्हणजे दाबणे आणि ‘मो’ म्हणजे चोळणे. या दोन क्रिया स्वतःच्याच हातांनी स्वतःच्या अंगावर करण्यात गूढ असे काही नाही. चीनमधील शाळांत १९६३ पासून मुलांना डोळ्यांभोवतीचे ठरावीक बिंदू बोटांनी दाबण्याचा व्यायाम शिकवला जातो आणि आठ-दहा वर्षांची मुले तो सहज करतात. ‘छी’ नावाची जीवनऊर्जा ठरावीक मार्गांनी अंगभर फिरते, अशी यामागची परंपरागत धारणा आहे. हे मार्ग शवविच्छेदनात दिसत नाहीत. तरी हात कोठे ठेवावा हे सांगणारा नकाशा म्हणून ते उपयोगी पडतात, आणि मी त्यांचा उपयोग तेवढ्यापुरताच करते. आपल्याकडे जत्रेत आणि प्रदर्शनांत मिळणारे काटेरी लाकडी रूळ व तळव्यांचे रंगीत तक्ते यांचा मात्र या नकाशाशी संबंध नाही. तळव्यावर सगळे अवयव मांडणारी ती पद्धत विसाव्या शतकात अमेरिकेत वाढली. दोन्हींची खिचडी केल्यास हाती काहीच लागत नाही.

सुरुवातीला तळहात एकमेकांवर घासून गरम करावेत, ते मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावेत, नंतर चेहरा कोरडाच धुतल्यासारखा चोळावा आणि बोटांनी कपाळापासून मानेपर्यंत केस विंचरावेत. मग तळहातांनी कान झाकून बोटे डोक्याच्या मागे टेकवावीत, तर्जनी मधल्या बोटावर चढवून तेथून खाली घसरू द्यावी आणि कवटीवर हलका ठोका पाडावा. यास ‘आकाशाचा नगारा’ म्हणतात आणि परंपरेने असे २४ ठोके देतात.

आता बिंदूंकडे वळू. येथेच बहुतेकांचे बिनसते आणि माझेही दीर्घकाळ बिनसले होते. चित्रात दाखवलेल्या जागी मी अंगठ्याचे टोक रोवून जीव खाऊन दाबत असे. नडगीवर निळे डाग उठले आणि अंगठ्याचे मूळ इतके दुखावले की पोळ्या लाटणे कठीण झाले. ज्यासाठी हा खटाटोप चालला होता तो थकवा मात्र होता तसाच राहिला. ‘जितके दुखेल तितका गुण’ हा सल्ला मला ज्यांनी दिला, त्यांनी स्वतः कधी बिंदू शोधला नसावा, असे माझे आता ठाम मत आहे.

पहिली चूक मोजमापाची असते. येथील माप ‘त्सुन’ आहे आणि ते प्रत्येकाचे स्वतःचे असते: आपल्या अंगठ्याच्या सांध्याची रुंदी म्हणजे एक त्सुन, आणि तर्जनीपासून करंगळीपर्यंत चार जुळवलेल्या बोटांची रुंदी म्हणजे तीन. पट्टीने सेंटिमीटर मोजणे किंवा दुसऱ्याची बोटे आपल्या पायावर ठेवून घेणे, दोन्ही निरुपयोगी. शिवाय माप आपल्याला फक्त गल्लीपर्यंत नेते. घर बोटानेच शोधावे लागते.

‘त्सू-सान-ली’ हा पायावरील बिंदू उदाहरणादाखल घेऊ. खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात ठेवावा. वाटीच्या खाली बाहेरच्या बाजूस एक खळगा लागतो, त्याच्या खाली चार बोटे मोजावीत आणि नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर सरकावे. टाच जमिनीवरच ठेवून चवडा वर उचलल्यास बोटाखाली स्नायू फुगला पाहिजे. हाड लागत असेल तर जागा चुकली. आता त्या परिसरात बोट दोन-चार मिलिमीटर इकडे-तिकडे सरकवत हलके दाबत जावे. एका जागी संवेदना बदलते. चिनी परंपरेत या बदलाला ‘द-छी’, म्हणजे छी येणे, म्हणतात आणि त्याची चार रूपे सांगतात: ‘सुआन’, बधिरपणा, भरून आल्यासारखा ताण आणि जडपणा. ‘सुआन’चा शब्दशः अर्थ आंबट. इंग्रजी पुस्तकांना तो समजावून सांगायला ओळी खर्चाव्या लागतात, पण डोंगर उतरून आल्यावर ‘पाय आंबले’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. पाय आंबल्यासारखे वाटले की बिंदू सापडला. टोचले, झिणझिणले किंवा विजेसारखी चमक गेली, तर बोट तत्काळ उचलावे.

दाब अंगठ्याच्या टोकाने देऊ नये, पेराच्या मांसल भागाने द्यावा, किंवा तर्जनी दुमडून तिच्या सांध्याने. जोर बोटातून काढू नये. किंचित पुढे झुकून अंगाचा भार हातावर येऊ द्यावा. श्वास सोडताना दाब वाढवावा, आंबल्याची जाणीव होताच तेथेच थांबावे, पाच-सहा श्वास होईपर्यंत दाब तसाच धरावा आणि मग हळूहळू सोडावा. घाईने पन्नास वेळा टोचण्यापेक्षा हे एकदाच करणे चांगले.

मनगटावरील ‘नेइ-ग्वान’ याच रीतीने शोधावा: मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटे, दोन कंडरांच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मधोमध. (काहींच्या हाताला यातली एक कंडरा जन्मतः नसते, त्याने घाबरू नये.) त्याच्याखालून मोठा मज्जातंतू जातो, म्हणून येथे दाब निम्माच ठेवावा. मळमळीवर याचा उपयोग होतो आणि त्यावर वैद्यकीय अभ्यासही बरेच झाले आहेत. अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यातील ‘हं-गू’ तर्जनीच्या हाडाकडे झुकवून दाबावा.

आंबल्याची ही संवेदना हेच दाबाचे एकमेव माप असल्यामुळे, मधुमेहाने ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांनी पायावर दाबण्याच्या फंदात पडू नये. गरोदरपणी ‘हं-गू’ आणि घोट्याच्या आतील बाजूस चार बोटे वर असलेला ‘सान-यिन-ज्याओ’ परंपरेनेच वर्ज्य मानले आहेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारावे. एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर तिला हात न लावता तातडीने डॉक्टरांकडे जावे, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते.

यानंतर पोट: जेवून तासभर तरी उलटल्यावर, बेंबीभोवती तळहात उजव्या कुशीतून वर, बरगड्यांखालून डावीकडे आणि तेथून खाली असा फिरवावा. मोठ्या आतड्याचा मार्गही हाच आहे. परंपरेत ३६ फेरे सांगतात. मोजणी चुकली तरी चालते. मग कंबर दोन्ही हातांनी गरम होईपर्यंत चोळावी.

शेवटी तळवा. पाऊल आखडल्यावर चवड्याच्या मागे जो खळगा पडतो तो ‘योंग-छ्वान’, म्हणजे उसळता झरा. डावा तळवा उजव्या हाताने आणि उजवा डाव्या हाताने ऊब येईपर्यंत घासावा. मी थेंबभर खोबरेल लावते आणि मोजे चढवूनच अंथरुणात शिरते, कारण तेलकट पायांचे डाग चादरीवरून निघता निघत नाहीत.