व्हिटॅमिन डीचा रिपोर्ट कसा वाचायचा
आधी टेस्टचं नाव बघा, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी असं पाहिजे, १,२५-डायहायड्रॉक्सी वाली टेस्ट वेगळी असते आणि कमतरता असली तरी ती नॉर्मल येऊ शकते, म्हणजे उगाच फसगत. मग युनिट बघा. हे लोक हमखास विसरतात! नॅनोग्रॅममधल्या (ng/mL) आकड्याला २.५ ने गुणलं की नॅनोमोल (nmol/L) होतात, म्हणजे २० नॅनोग्रॅम आणि ५० नॅनोमोल एकच, घाबरायचं कारण नाही. साधारण १२ नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता, २० च्या वर बहुतेकांना पुरेसं.

आता वय. आकडा वाचायची पट्टी सगळ्यांना तीच, पण रोजची गरज बदलते: वर्षाच्या आतल्या बाळाला ४०० आययू (IU, डी मोजायचं माप), पुढे सत्तरीपर्यंत ६००, नंतर ८००, कारण म्हाताऱ्या कातडीत उन्हाने डी कमी बनतं. बाई-पुरुष गरज सारखीच, फक्त पाळी गेल्यावर बायकांची हाडं पटापट झिजतात म्हणून त्यांनी कमी आकडा अंगावर काढू नये. वजन जास्त असेल तरी लेव्हल कमी दिसते बरं का. आणि गोळ्या मनाने सुरू करू नका, जास्त डी झालं तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो.