पेडल मुकं आहे? सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधीची तयारी

घरी बनवलेल्या फझ किंवा ओव्हरड्राइव्ह पेडलमधून (गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारा, पायाने चालू-बंद करायचा डबा) आवाज आला नाही की हात आधी सोल्डरिंग आयर्नकडे जातो. त्याचा प्लग काढूनच ठेवा. मुक्या पेडलचा दोष बहुतेक वेळा जॅक, स्विच आणि वायरींत सापडतो, बोर्डाचा नंबर नंतर. सरसकट सगळे सांधे पुन्हा तापवले तर एका दोषाचे तीन होतात, आणि तांब्याची पट्टी उखडली तर ते काम वेगळंच.

टेबलावर नवी 9 व्होल्टची बॅटरी, मल्टिमीटर, भिंग, सर्किटची छापील आकृती, तपासलेल्या भागावर खूण करायला लाल पेन आणि खात्रीच्या दोन केबल घ्या. खात्रीची म्हणजे गिटार थेट अ‍ॅम्पला जोडून आत्ता वाजवून पाहिलेली. जुन्या वायफाय राउटरचा अ‍ॅडॉप्टर पिन बसते म्हणून लावू नका. तो बहुधा 12 व्होल्टचा आणि मधे पॉझिटिव्ह असतो; पेडलला सहसा 9 व्होल्ट आणि मधे निगेटिव्ह लागतं.

डबा उघडण्याआधी बायपासमध्ये, म्हणजे पेडल बंद ठेवून, वाजवा. ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल सर्किटला वळसा घालून थेट बाहेर जातो) असूनही तिथे शांतताच असेल, तर सर्किटला हात लावू नका, जॅक आणि फूटस्विच बघा. झाकण काढल्यावर वाजतं आणि लावल्यावर बंद पडतं? मग जॅकचं पातं डब्याला किंवा पॉटची (आवाज कमी-जास्त करायच्या खुंटीची) पाठ बोर्डाला टेकतेय. इन्सुलेशन टेप, विषय संपला. एलईडी पेटला म्हणून मात्र हुरळून जाऊ नका, त्याची वाट आवाजाच्या वाटेपासून वेगळी असते.

व्होल्टेज मोजताना इनपुटला केबल लावलेलीच ठेवा. तिथला जॅक सहसा स्टिरिओ असतो आणि केबल आत गेली तरच बॅटरीचा निगेटिव्ह ग्राउंडला जोडला जातो. केबल नसेल तर सगळीकडे शून्य दिसतं आणि माणूस उगाच हादरतो. टीएल072 हा आयसी असेल तर 8 नंबरच्या पिनवर साधारण 9, 4 नंबरवर शून्य आणि बाकीच्यांवर 4.5 च्या आसपास यायला हवं. मोठ्या रेझिस्टरमधून बायस (कामासाठी ठरवून दिलेलं व्होल्टेज) घेतलेली पिन मीटरवर थोडी कमी दाखवते, तेवढं चालतं. ट्रान्झिस्टर बदली घातला असेल तर पाय पुन्हा बघा: सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी547 चा डावा पाय कलेक्टर, 2एन3904 चा डावा पाय एमिटर. आकृतीत एक आणि हातात दुसरा असेल तर उलटा बसलाच म्हणून समजा.

एवढ्यावर भागलं नाही तर ऑडिओ प्रोब, म्हणजे आवाज कुठवर पोचतो ते ऐकवणारी तार, आणि माझ्या मते तो आधीच बनवून ठेवावा. जुन्या गिटार केबलचं एक टोक कापा. बाहेरच्या जाळीला क्रोकोडाइल क्लिप लावा, आतल्या तारेला 104 छापलेला सिरॅमिक कपॅसिटर. त्याचा मोकळा पाय हाच प्रोब. कपॅसिटरमुळे डीसी अ‍ॅम्पपर्यंत जात नाही. क्लिप ग्राउंडला, जॅक अ‍ॅम्पला, अ‍ॅम्पचा आवाज अगदी बारीक. पेडलच्या इनपुटला फोनवरचा तानपुरा सोडा. तो अखंड वाजतो, त्यामुळे एका हाताने तार छेडायची कटकट नाही, आणि शेजाऱ्यांनाही रियाजच वाटतो. पेडल चालू करून प्रोब इनपुट जॅकच्या टोकाला लावा, मग स्विच, पहिला कपॅसिटर, ट्रान्झिस्टरचा बेस, कलेक्टर. कलेक्टरवर तानपुरा बेसपेक्षा मोठा ऐकू यायला हवा. जिथे तो गायब होतो, त्या जागेच्या आणि आधीच्या जागेच्या मधेच दोष आहे. आयर्न तापवायचं ते आता, आणि तेवढ्याच जागेसाठी.

सुटे भाग लागले तर ठाण्याहून लॅमिंग्टन रोड (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) म्हणजे फास्टने दादर आणि तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. रविवारी बहुतेक दुकानं बंद. यादी लिहूनच निघा, आणि नऊ पायांचा फूटस्विच एकाऐवजी दोन घ्या, कारण जास्त वेळ तापवला की आतलं प्लॅस्टिक वितळतं. आठ पायांचे आयसी सॉकेटही चार-दोन आणा, म्हणजे पुढच्या वेळी आयसी बदलायला आयर्न लागणार नाही.