सोलोला फोन कुठे ठेवता? आधी कंपासकडे बघा

खान्देशात फ्लाइंग शिकायला आलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. फोन फ्लाइट मोडला टाका, टेकऑफ-लँडिंगला हात लावू नका, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं असतं, ते परत नाही सांगत. मला सांगायचंय ते चुंबकाचं, कारण मला ते कोणीच सांगितलं नव्हतं आणि सोलो क्रॉस कंट्रीला, म्हणजे एकट्याने विमान दुसऱ्या गावापर्यंत नेताना, माझी पार वाट लागली होती.

सेसना १७२ मध्ये कंपास समोर काचेपाशी, मधोमध असतो. आपला फोनचा होल्डर पण तिथंच आसपास लागतो, आणि आजकाल होल्डर काय नि कव्हर काय, बरेचसे चुंबकाचेच. फोनच्या स्पीकरमध्ये पण चुंबक असतं. फ्लाइट मोडने सिग्नल बंद होतो भो, चुंबक नाही! स्क्रीन बंद करा, फोन स्विच ऑफ करा, कंपास वाकडाच दाखवणार. आता पुढचं दोनदा वाचा. डीआय, म्हणजे समोरचा दिशा दाखवणारा डायल, जायरोवर (आतल्या फिरत्या चाकावर) चालतो, त्याचा आकडा हळूहळू सरकतो, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी आपण कंपास बघून तो सेट करतो, बरोबर? कंपास दहा डिग्री चुकलेला असला तर ती चूक आपणच आपल्या हाताने डीआयमध्ये भरतो, मग फोन काढून बॅगेत टाकला, कंपास सुधारला, तरी पुढच्या सेटिंगपर्यंत आपण चुकीच्याच हेडिंगवर, म्हणजे चुकीच्याच दिशेला. आणि फोन जागेवर असेपर्यंत दोन्ही आकडे जुळतात म्हणून शंका पण येत नाही. जळगाव-धुळे जवळपास सरळ पश्चिमेला, साधारण ५० नॉटिकल मैल. दहा डिग्रीची चूक म्हणजे आठेक मैल, १५ किलोमीटर बाजूला. मे महिन्यातल्या धुरकट हवेत खाली सगळीकडे सारखीच नांगरलेली काळी शेतं दिसतात, तापी जिथं दिसायला पाहिजे तिथं नसते, तेव्हा घसा कोरडा पडतो.

म्हणून इंजिन सुरू करायच्या आधी कंपासचा आकडा बघा, फोन जागेवर लावा, परत बघा. कंपासचं कार्ड (आतली आकड्यांची चकती) जरा जरी हललं तरी जागा बदला. हेडसेट पण कंपासजवळ ठेवू नका, त्यात पण चुंबक आहे. लाइनअपला, म्हणजे टेकऑफआधी रनवेवर सरळ उभं राहिल्यावर, कंपास आणि डीआय रनवेच्या हेडिंगशी जुळवायचे म्हणजे जुळवायचेच.

काही सिनियर म्हणतात कागदी मॅप कशाला, ॲप लाव. अजिबात ऐकू नका. आपल्याकडे पारा ४५ ला जातो आणि ॲपल स्वतः आयफोन ३५ डिग्रीपर्यंतच वापरा म्हणतं, काचेमागच्या उन्हात तो ऐन वेळेला तापून बंद पडतो. रील काढणाऱ्यांना तर मी स्पष्टच सांगतो, मराल. २०१४ च्या मे मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोला रात्री सेसना १५० पडलं, दोघं गेले. आधीच्या फ्लाइटच्या कॅमेऱ्यात फ्लॅश लावून सेल्फी काढताना दिसले होते, आणि फोनमुळे लक्ष उडून पायलटला विमानाच्या स्थितीचा अंदाज राहिला नसावा, असा तपासाचा निष्कर्ष निघाला.

पण घाबरून फोन घरी ठेवून जाऊ नका. फ्लाइट मोडमध्ये पण जीपीएस चालतं, मॅप आधी डाउनलोड केलेला पाहिजे एवढंच. खरंच रस्ता चुकला तर आधी विमान सरळ धरा, उंची सांभाळा, रेडिओवर सांगा, कोणी रागवत नाही. रेडिओच गेला तर ट्रान्सपॉन्डरवर (रडारला कोड पाठवणाऱ्या यंत्रावर) ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा कोड टाका, मग फोन. टॉवरचा आणि इन्स्ट्रक्टरचा नंबर आजच सेव्ह करा, आणि फोन बसल्या जागी हात पोचेल अशा बाजूच्या खिशात ठेवा, मागच्या सीटवर नको.