मुंबई ते न्यूयॉर्क किती तास? हिशेब करताना या चुका टाळा

तिकिटावर छापलेलं होतं: मुंबईहून रात्री १ वाजता, न्यूयॉर्कला सकाळी ७ वाजता, तारीख तीच. पहिल्यांदाच लेकीकडे निघालेल्या आमच्या मावशीने सरळ वजाबाकी केली. "सहाच तास!" म्हणत पर्समध्ये गोळ्या एका वेळच्याच ठेवल्या आणि बाकीच्या मोठ्या बॅगेत, म्हणजे विमानाच्या पोटात.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे आणि उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतात. म्हणून जाताना हा फरक मिळवायचा: उन्हाळ्यात ६ अधिक साडेनऊ, साडेपंधरा तास. येताना वजा करायचा. न्यूयॉर्कहून दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबईत उतरलात, तर उन्हाळ्यात तो प्रवास साडेचौदा तासांचा.

यापेक्षा महागात पडणारी चूक मध्यरात्रीची. १५ तारखेला रात्री १ चं विमान म्हणजे घरातून निघायचं १४ तारखेला संध्याकाळी. १५ ला रात्री जेवून आरामात पोचणारे आजही भेटतात. त्यांचं विमान एव्हाना न्यूयॉर्कला पोचून बरेच तास झालेले असतात.

आता अंतर. ते साधारण १२,५४० किलोमीटर. विमान ताशी ९०० ने उडतं, भागाकार केला, चौदा तास. गणित बरोबर, उत्तर अर्धवट. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, जाताना तोंडावर येतात आणि येताना पाठीशी असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. शिवाय छापील वेळेत धावपट्टीपर्यंत रांगत जाणंही धरलेलं असतं.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. सपाट नकाशावर सरळ दिसणारी रेघ प्रत्यक्षात सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा: तो मुंबईहून वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकतो आणि स्कँडिनेव्हिया, ग्रीनलंडच्या बाजूने उतरतो. अर्थात विमान दोऱ्यावरून जातंच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली; २०२२ पासून रशियाची हद्द अमेरिकन कंपन्यांना बंद झाली. वळसा पडला की वेळ वाढते. त्यामुळे मागच्या वर्षी कुणाला किती तास लागले, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. आपलं तिकीट बघा.

मैलांचा घोळ वेगळाच. विमानवाले सागरी मैल मोजतात, एक म्हणजे १.८५२ किलोमीटर. ६,७७० सागरी मैलांना साध्या मैलांसारखं १.६ ने गुणलंत, तर दीड हजाराहून जास्त किलोमीटर गायब.

आणि "न्यूयॉर्क" म्हणजे नेमका कुठला विमानतळ? जेएफके शहराच्या पूर्व भागात, नेवार्क हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीत. मध्ये अख्खं मॅनहॅटन. तिसरा लाग्वार्डिया, तिथे मुंबईचं विमान उतरतच नाही, पण पुढचं देशांतर्गत विमान मात्र तिथून असू शकतं. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या लेकीला नेवार्क बरं पडतं. मावशीचं तिकीट जेएफकेचं होतं, आणि जावई नेवार्कला जाऊन थांबले होते.