ढिगाच्या पोटात थर्मामीटर घाला, वरवर हात फिरवून काही कळत नाही (बार्ली माल्टिंग)

माल्टिंग म्हणजे बार्ली भिजवून, ढिगात मोड आणून वाळवणं. उन्हाचा कडाका वाढला की तेच रडगाणं, मोड छान आले होते आणि एका रात्रीत ढीग चिकट झाला, आंबूस वास सुटला. मग दोष बियाण्याला. बियाणं बहुतेक वेळा ठीकच असतं हो, ढीग आतून तापलेला असतो आणि कोणी बघितलेलं नसतं.

भिजलेला दाणा श्वास घेतो, म्हणजे ऑक्सिजन ओढतो, साठवलेला स्टार्च जाळतो आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी, उष्णता बाहेर टाकतो. ढीग तापला की श्वास वाढतो, श्वास वाढला की ढीग अजून तापतो, आणि हे सगळं तुम्ही झोपेत असताना चालतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी जोर सगळ्यात जास्त. आतलं टेंपरेचर १४ ते १८ अंशात ठेवा, वर आणि तळाशी २-३ अंशांपेक्षा जास्त फरक दिसला की लगेच परता, सकाळची वाट बघू नका. श्वासात आणि मुळांत मिळून ६ ते १० टक्के कोरडं वजन जातंच, ढीग तापला तर त्याहून जास्त जातं.

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. म्हणून या गॅसचा मीटर असेल तर खाली लावा, भिंतीवर उंच टांगून उपयोग नाही. हवा कोंडली की दाणा अल्कोहोल बनवायला लागतो आणि मोड थांबतो. माझा अंदाज नाकावर चालतो: ताज्या काकडीसारखा वास म्हणजे ठीक, पिकलेल्या फळासारखा आला की हवा कमी पडतेय.

बाकी कामं:
- आधी १०० दाणे मोजून उगवण तपासा, ९५ च्या खाली नको
- भिजवताना मधे मधे पाणी काढून हवा द्या, ओलावा ४२ ते ४६ टक्के
- थर पातळ, ६ ते ८ तासांनी परतणं
- सालीखालचा कोंब (बाहेर दिसणारी मुळं नव्हे) दाण्याच्या पाऊण लांबीला आला की वाळवण

दुकानदार जिबरेलिक अॅसिड (मोड लवकर आणणारं वनस्पतींचं संप्रेरक) गळ्यात मारेल. डोस किलोला ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम एवढाच असतो, पण त्याने मोडाचा वेग वाढतो आणि उष्णताही. आधीच गरम दिवसांत हे कशाला? त्या पैशात लांब दांड्याचे दोन थर्मामीटर घ्या.

वाळवायला टाकलं तरी ओला दाणा श्वास घेतच असतो, म्हणून पहिले काही तास ५०-६० अंश आणि भरपूर हवा, थेट ८० नको. आणि बंद खोलीत शिरण्याआधी दार उघडून पंखा लावा, खाली वाकून काम करणाऱ्याला चक्कर येते ती तळाशी साचलेल्या कार्बन डायऑक्साइडने.